भावलीचे कपडे: काय घ्यायचं, काय घरातच असतं

आधी भावली मोजा, मग बाजारात जा. बहुतेक जण उलटं करतात. गंजगोलाईच्या बाजारात फिरताना चमचमणारी लेस दिसते, ती घेतली जाते, तिच्यावर शोभेल म्हणून सॅटिन घेतलं जातं, आणि घरी येऊन बघावं तर नुसती लेसच भावलीच्या गुडघ्यापर्यंत येते. मी लातूरला ब्लाउज शिवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या पोरी, आणि आता त्यांच्या आयासुद्धा, “काकू, भावलीचं झबलं शिकवा” म्हणत येतात. त्यांच्या पिशवीतून जे सामान निघतं त्यातलं निम्मं मी परत पिशवीत घालायला लावते. सामान वाईट नसतं, जाड असतं.

बाजारात मिळणारी बार्बीच्या मापाची भावली साधारण साडेअकरा इंच उंच असते. अंदाजे माणसाचा सहावा हिस्सा. हा सहाचा आकडा डोक्यात ठेवला की पुढचं गणित सोपं होतं. साडेपाच मीटरची साडी सहानं भागली तर भावलीला ९२ सेंटीमीटर लांब आणि साडेसात इंच रुंद पट्टी पुरते. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, ती भागून १ मीटर ३७ सेंटीमीटर. उलट्या बाजूनंही करून बघा: पैठणीच्या पदरावरचा तीन इंची मोर भावलीच्या अंगावर दीड फुटाचा दिसतो, तिचं पोट आणि पाठ मिळून एकच मोर. म्हणून आईच्या जुन्या पैठणीचा तुकडा मिळाला तरी पदर नको, मधला साधा भाग किंवा काठाची अगदी कडेची बारीक रेघ घ्या.

लांबी-रुंदी अशी भागता येते. कापडाची जाडी भागता येत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की मनात विचारायचं, हे सहापट जाड होऊन माझ्या अंगावर आलं तर मला हात खाली करता येईल का?

मोजायला टेप वापरू नका. एवढ्याशा घेरावर टेप नीट वळत नाही आणि पाव इंचाची चूक तिथे पूर्ण मापाची वाट लावते. शिलाईचा दोरा गुंडाळा, जिथे मिळतो तिथे पेनानं खूण करा आणि दोरा सरळ करून फूटपट्टीवर ठेवा. छाती, कंबर, कुल्ला, खांदा, हाताची लांबी ही मापं सगळे घेतात. डोक्याचा घेर आणि पंजाची रुंदी विसरतात. चिंध्यांच्या भावलीचं डोकं अंगापेक्षा मोठं असतं, तिला डोक्यावरून घालायचा फ्रॉक चालतच नाही. आणि प्लॅस्टिकच्या भावलीचा अंगठा बाहेर आलेला असतो, त्यात बाही अडकते. घालताना पंजावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळला की बाही सरकन वर जाते, हे कपडे घालणाऱ्या लेकरालाही शिकवून ठेवा.

कागदी मापासाठी एक युक्ती. भावलीच्या अंगाला पातळ कॅरीबॅग घट्ट गुंडाळा, वरून चिकटपट्टीचे तुकडे लावून ती कडक करा, आणि पेनानं गळा, खांदा, मुंढा (बाही जोडतात तो घेर), बगलेची रेघ काढा. मग त्या रेघांवरून अलगद कापून काढा. अंगाचा साचा सपाट होऊन हातात येतो. तो जुन्या कॅलेंडरच्या पानावर ठेवून भोवती माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, सोडून आखायचा. मायेबद्दल आम्हा टेलर लोकांचीच खोड सांगते: ब्लाउजला आत इंचभर दाबून ठेवायचं, पुढं अंग सुटलं तर उसवता येतं. भावलीचं अंग सुटत नाही. पाव इंच माया बास, शिवून झाल्यावर तीही कापून निम्मी करायची.

कापड

मॅचिंग सेंटरमध्ये जा आणि टू बाय टू रुबिया मागा. ब्लाउजसाठी जे सुती कापड रंगारंगात लावलेलं असतं तेच. पातळ असतं, इस्त्रीची घडी धरतं, सुई सहज जाते, आणि रंग बक्कळ. पाव मीटर घ्या, त्यात एका भावलीचे चार-पाच कपडे निघतात. दुकानदार पाव मीटरला नाक मुरडतो. गर्दीच्या वेळी जाऊ नका, दुपारी जा, मग देतो. अस्तरासाठी मलमल किंवा जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. साडी असेल तर मलमलही विकत घेऊ नका.

त्याहून चांगलं म्हणजे ओळखीच्या लेडीज टेलरकडे चिंध्या मागा. आमच्याकडे बाहीच्या आणि गळ्याच्या कापातून हातभर तुकडे रोज निघतात. काही वाकळीसाठी जातात, बाकीचं पोतं भरून पडून राहतं. लग्नसराई संपली की मागा, सराईत मागितलं तर टेलर तोंडही वर करणार नाही.

मऊ बनियन फाटला की फेकू नका. बनियनसारख्या होजिअरीच्या कापडाच्या कडा सुटत नाहीत, म्हणून नवशिक्याला त्याच्यासारखं दुसरं नाही. भावलीचा टी-शर्ट, झबलं, चड्डी, काहीही. आणि लहान लेकरांचे मोजे: मोज्याचा वरचा भाग कापला की आयताच घट्ट स्कर्ट, कड पण शिवलेली. शिवणकाम न येणाऱ्या माणसाचा पहिला कपडा हाच असावा असं माझं मत आहे. कात्री लावायची आणि घालायचा.

नको असलेल्यांची यादी मोठी आहे. वेलवेट, ब्रोकेड, जीन्स, टेरीकॉट, जाड आर्ट सिल्क. भावलीला जीन्स हवी असेल तर पातळ निळ्या सुती शर्टाचं कापड घ्या, त्यावर पिवळ्या-तपकिरी दोऱ्याची टीप मारली की जीन्सच दिसते. सॅटिन सगळ्यांना आवडतं, पण हातात घेतलं की सुटायला लागतं आणि सुईखाली घसरतं. ते दुसऱ्या वर्षी. सॅटिनची हौस असेल तर सॅटिनची रिबन घ्या, तिच्या दोन्ही कडा बंद असतात. दोन इंची रिबनला एका कडेनं धावदोरा घालून चुण्या ओढल्या की झगा तयार, खालून दुमडायचंच नाही.

खण मात्र मी घ्यायला सांगते. कापड थोडं ताठ असतं हे खरं, पण त्यावरची नक्षी इतकी बारीक असते की भावलीच्या अंगावरसुद्धा नक्षीच राहते. परकर-पोलकं खणाचंच शोभतं. काठाची बाजू परकराच्या खाली आणा, म्हणजे दुमडायची गरज नाही. चुण्या मात्र कमी, कमरेच्या दुप्पट कापड पुरे. रुबियाला अडीचपट घेतलं तरी चालतं.

कडा सुटू नयेत म्हणून पारदर्शक नेलपॉलिशचा अगदी पातळ हात कडेला फिरवा आणि वाळू द्या. आधी फालतू तुकड्यावर बघा, काही कापडांवर डाग राहतो. नायलॉन-पॉलिस्टरची रिबन असेल तर उदबत्तीच्या निखाऱ्याजवळून टोक नेलं की वितळून बंद होतं. सुती कापडाला उदबत्ती लावू नका, ते वितळत नाही, जळतं. आणि हे काम मोठ्यांनीच करायचं.

रंगाचं एक. लाल, काळा, गडद निळा, मरून असे रंग प्लॅस्टिकच्या भावलीच्या अंगात उतरतात आणि मग साबणानं घासलं तरी जात नाहीत. पूर्ण कापड भिजवत बसायची गरज नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं त्या गावात राहून मी कुणाला पाव मीटर कापडासाठी बादली भरायला सांगणार नाही. पांढरा ओला फडका घ्या, कापडाच्या कोपऱ्यावर दाबून घासा. फडक्यावर रंग आला तर ते कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा किंवा आतून पांढरं मलमलचं अस्तर लावा. अस्तर लावलं तरी लेकराला सांगून ठेवा की रात्रभर लाल कपड्यात भावलीला झोपवायचं नाही.

सुई, दोरा, कात्री

हातसुईच्या पाकिटावर नंबर असतो. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ९ किंवा १० घ्या. मशीनच्या सुईचं बरोबर उलटं आहे: तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. घरच्या मशीनला बहुतेक १४ किंवा १६ लावलेली असते, ती रुबियात भोकं पाडते. ११ लावा, मलमलला ९. माझी भाची मला म्हणायली, “आत्या, सुई बारीक घेतली की ओवता येईना गेलंय.” त्यासाठी तारेची ओवणी मिळते, बारीक तारेचं फुलपाखरासारखं टोक असतं. दहा-वीस रुपयांची वस्तू, दोन घ्या, कारण तार तुटते.

दोरा साधा पॉलिस्टरचा चालतो, पण एकेरी ओवायचा. दुहेरी दोऱ्यानं गळ्याची कड शिवली की ती दोरीसारखी उभी राहते. हातभरच दोरा घ्या, लांब घेतला की गाठी पडतात. मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर पीळ बसत नाही. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, त्यातला एकच पदर सोडवून घेतला तर बटणाच्या फासासाठी आणि काठावर बारीक टाके घालायला त्याच्याइतकं सुंदर काही नाही. लाल, पांढरा, काळा आणि एखादा सोनेरीसर पिवळा, चार लड्या घेऊन ठेवा.

टेलरची दहा इंची कात्री इथे कामाची नाही. टोकदार, चार इंची भरतकामाची कात्री घ्या. बगलेतल्या कोपऱ्यात चिरा देताना टोकच लागतं. तिनं कागद कापायचा नाही, दुधाची पिशवी तर मुळीच नाही. घरातल्या माणसांना हे पटत नाही, म्हणून मी माझी कात्री पिठाच्या डब्यामागं ठेवते.

खडूची रेघ भावलीच्या मापाला जाड पडते. फिक्या कापडावर टोक केलेली पेन्सिल आणि गडद कापडावर झिजून पापुद्र्यासारखी झालेली अंगाच्या साबणाची वडी वापरा. ती धुतली की जाते. टाचण्या काचेच्या डोक्याच्या, बारीक. पण बाहीसारख्या एवढ्याशा तुकड्याला टाचणी लावली की तुकडाच वाकडा होतो. तिथे कच्चा धावदोरा घाला किंवा मुलांच्या दप्तरातली ग्लू स्टिक अगदी कडेला टेकवा. पाण्यानं निघून जाते.

बाही उलटवायला क्रोशाची सुई किंवा बोथट पेन्सिल. अंगुस्तान हवं तर घ्या, मी भावलीच्या कामाला वापरत नाही, बोटाला कापड कळायला हवं.

आणि इस्त्री. नवीन माणसं सगळं सामान घेतात आणि इस्त्री शेवटी एकदाच करतात. प्रत्येक टीप मारली की लगेच माया दोन बाजूंना उघडून इस्त्री मारा. एवढ्याशा कपड्याची शिवण नंतर आतून उघडता येत नाही. बाहीत लाकडी चमच्याचा दांडा घालून वरून इस्त्रीचं टोक फिरवायचं.

मशीन हवंच का?

नाही. पहिले काही कपडे हातानंच शिवा, उलटी टीप, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेऊन पुढे जाणारी, बारीक घातली तर मशीनपेक्षा सफाई येते. पण घरात सासूबाईंचं काळं पायाचं मशीन असेल तर ते काढाच. नवीन झिगझॅगच्या मशीनला सुईखालच्या पट्टीत आडवं लांब भोक असतं, सुई डावी-उजवी हलायची म्हणून, आणि छोटा तुकडा त्यात गिळला जातो. जुन्या सरळ टिपेच्या मशीनला गोल बारीक भोक असतं, ते भावलीच्या कामाला जास्त चांगलं. टीप दीड ते दोन मिलिमीटरची ठेवा. सुरुवात थेट भावलीच्या कापडावर करू नका: आधी फालतू चिंधीवर दोन टाके घ्या आणि तशीच पुढे कपड्यावर जा. तरीही कापड आत ओढलं जात असेल तर खाली पातळ कागद ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. वळणाला पाय बाजूला ठेवा, हातानं चाक फिरवत एकेक टाका घ्या.

बाहीचं लक्षात ठेवण्यासारखं एवढंच की मोठ्यांच्या कपड्यासारखी गोल करून जोडायची नाही. खांदा जोडला की कापड सपाट असतानाच बाही मुंढ्याला लावा, आणि मग बाहीच्या टोकापासून बगलेतून कमरेपर्यंत एकच शिवण. त्याहून सोपं, अंग आणि बाही एकाच तुकड्यात कापलेलं पोलकं. मात्र बगलेच्या कोपऱ्यात शिवणीपर्यंत चीर दिली नाही तर तिथे कापड कायम गोळा होऊन बसतं. गळा बारीक दुमडत बसू नका. मलमलचं तेवढ्याच आकाराचं अस्तर सुलट बाजूला लावा, गळा आणि पाठीच्या दोन कडा शिवा, वळणावर बारीक चिरा देऊन उलटवा. गळा आपोआप नीट बसतो आणि आत काही सुटत नाही.

बंद

कपडा पाठीमागून वरपासून खालपर्यंत उघडा ठेवा. भावलीला कोपर नीट वळवता येत नाही, म्हणून अर्ध्या पाठीची उघड तिला पुरत नाही. प्रश्न मग बंद कशानं करायची याचा.

ब्लाउजचे हूक मोठे पडतात, आणि लेकराच्या बोटालाही लागतात. टिचबटण घ्या, सगळ्यात लहान, पाच-सहा मिलिमीटरचं. दुकानात न दिसणारं असतं, मागून घ्यावं लागतं. लावताना चार भोकांपैकी प्रत्येकातून दोनदाच सुई काढा, जास्त दोरा झाला तर मागून गाठोडं दिसतं. आधी वरचा भाग शिवा, त्यावर खडू घासून खालच्या कापडावर दाबा, खूण उमटते तिथे दुसरा भाग. वेल्क्रो सगळ्यांना सोपं वाटतं. पण साधं वेल्क्रो जाड असतं, भावलीचे केस त्यात अडकतात आणि जाळीचे कपडे फाटतात. लेकरू अगदी लहान असेल आणि टिचबटण दाबता येत नसेल तरच वापरा, तेही पाव इंच रुंदीची पट्टी कापून, खरबरीत बाजू भावलीच्या अंगापासून उलट तोंड करून. काजं करूच नका. कडेला दोऱ्याचा फास करा आणि समोर बारीक मोती लावा, बटणाच्या जागी मोतीच शोभतो. शर्टाचं बटण भावलीच्या छातीवर बशीएवढं दिसतं.

लेकरू तीन वर्षांच्या आतलं असेल तर मोती, मणी, टिचबटण यातलं काहीच नाही. तोंडात जातं. त्याच्या भावलीला इलास्टिकचा परकर आणि बनियनच्या कापडाचं झबलं पुरे.

इलास्टिक तीन-चार मिलिमीटरचं लागतं. कापडी मास्कचं गोल इलास्टिक घरात पडलेलं असेल तर तेच चालतं. इलास्टिकचा दोराही मिळतो. तो फक्त बॉबिनवर हातानं सैल गुंडाळायचा, वर साधा दोरा ठेवून लांब टिपेनं समांतर रेघा मारायच्या, कापड आपोआप चुणतं आणि अंगावरून चढतं. मग पाठ उघडायलाच नको.

लेस अर्ध्या इंचाच्या वरची घेऊ नका. टिकल्या सगळ्यात बारीक, गोटा पाव इंची. मॅचिंग सेंटरच्या शेजारी लेसवाल्याकडे उरलेले तुकडे वजनावर मिळतात का ते विचारा, काही देतात.

महालक्ष्म्यांची पिलवंडं

मराठवाड्यात शिवणकाम शिकलेल्या बाईला भावल्यांनंतर हे काम येतंच. घरात भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उभ्या राहतात, त्यांच्यासमोर दोन पिलवंडं, म्हणजे त्यांची लेकरं, आणि दरवर्षी त्यांना नवे कपडे. इथे वर सांगितलेले अर्धे नियम बाजूला ठेवा. पिलवंडांशी कुणी खेळत नाही, कपडे तीन दिवस असतात, त्यामुळे जरी, ब्रोकेड, टिकल्या, जी हौस राहिली असेल ती करा. हात बहुतेक वळत नाहीत किंवा नसतातच, म्हणून बाहीऐवजी मुंढ्यावर नुसती झालर. पाठीमागे टिचबटणाऐवजी नाडी घाला, म्हणजे पुढच्या वर्षी धड थोडं जाड केलं, आत साडी जास्त गुंडाळली, तरी बसतं. मुलाला अंगडं आणि टोपी, मुलीला परकर-पोलकं. टोपीचं माप मुखवट्याच्या डोक्यावर दोरा गुंडाळूनच घ्या, अंदाजानं शिवलेली टोपी नाकावर येते.

मुखवटे गुंडाळून माळ्यावर ठेवलेले असतात, पण माप श्रावणातच काढून कापड आणून ठेवा. भाद्रपद लागला की मॅचिंग सेंटरवाला पाव मीटर मागणाऱ्याला दुपारीसुद्धा उभा करत नाही.